कुंपणावरचा कामगार: मॅकोम्ब काउंटीच्या दारांवरून

आठमैल
शुक्र, १२/०९/२०२५ - २१:१४

परवा पक्षाच्या प्रचारवाल्यांचा पुन्हा फोन आला. "पुढच्या वर्षी गव्हर्नरची निवडणूक आहे, मागच्या खेपेला तुम्ही छान काम केलंत, येणार ना?" मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते इथे उतरवतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळचा चिंचवडचा, वीस वर्षं झाली मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतोय. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांसाठी डाय, म्हणजे साचे, डिझाइन करतो, त्यामुळे दिवसातले चार तास तरी शॉप फ्लोअरवर जातात. २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ शनिवार-रविवार मी मॅकोम्ब काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) प्रचारासाठी दारोदार फिरलो. कोणत्या पक्षासाठी ते सांगणार नाही. सांगितलं तर धाग्याचा आखाडा होईल, आणि मला जे सांगायचंय त्यासाठी त्याची गरजही नाही.

मॅकोम्बच का? डेट्रॉईट शहर 'आठ मैल' रस्त्याला संपतं आणि त्याच्या पलीकडे ही काउंटी सुरू होते. वॉरन, स्टर्लिंग हाइट्स, क्लिंटन टाउनशिप. गाड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांची वस्ती. १९६० साली डेमोक्रॅट केनेडींना इथे भरभरून मतं मिळाली, १९८४ साली तशीच भरभरून रिपब्लिकन रेगनना मिळाली. 'रेगन डेमोक्रॅट' (पक्षाने डेमोक्रॅट, मत मात्र रेगनना) म्हणून जी जमात प्रसिद्ध आहे तिचं हे माहेरघर. ओबामा इथे दोनदा जिंकले, ट्रम्प तीनदा. २०१६ साली ट्रम्पनी अख्खं मिशिगन १०,७०४ मतांनी घेतलं, आणि एकट्या मॅकोम्बमध्ये त्यांची आघाडी त्याच्या चौपटीहून जास्त होती. तेव्हापासून दर चार वर्षांनी दोन्ही पक्षांची माणसं इथल्या फुटपाथवर एकमेकांना ओलांडून जातात.

कामाची पद्धत अशी. फोनवर एक ॲप असतं, त्यात तुमच्या वाट्याची चाळीस-पन्नास दारं. प्रत्येक माणसाचं नाव, वय, मागच्या कोणत्या निवडणुकांना मत दिलं (कोणाला ते नाही, फक्त दिलं की नाही). बोलून झालं की १ ते ५ मधला एक आकडा टाकायचा. १ म्हणजे पक्का आपला, २ म्हणजे आपल्याकडे झुकलेला, ५ म्हणजे पक्का समोरचा, ३ म्हणजे कुंपणावरचा. सगळी धडपड त्या ३ साठी.

पहिल्याच आठवड्यात कळलं, मला जे ३ वाटत होते तसे ते नव्हतेच. माझ्या डोक्यात चित्र होतं की हा माणूस दोन ताटांसमोर बसलाय, इकडची भाजी घेऊ की तिकडची असा विचार करतोय. प्रत्यक्षात तो पंगतीतून उठून दाराशी चपला शोधत होता. दोन पक्षांत कोण बरा हा त्याचा प्रश्नच नव्हता. परत बसायचं कशाला, हा होता.

एक माणूस सांगतो. त्याला बिल म्हणू. वॉरनमध्ये विटांचं बसकं घर, दारात पिकअप, मागच्या काचेवर युनियनचं रंग उडालेलं स्टिकर. निवृत्त. मुलगा एका सप्लायरकडे कामाला, त्याचा ओव्हरटाइम बंद झालेला. मी ठरलेला प्रश्न विचारला: तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता? तो म्हणाला, पोराचा ओव्हरटाइम. ॲपमध्ये 'अर्थव्यवस्था', 'आरोग्य', 'सीमा', 'गर्भपात', 'लोकशाही' असे पर्याय होते. पोराचा ओव्हरटाइम नव्हता. मी 'अर्थव्यवस्था' दाबलं. त्याने ते पाहिलं आणि हसला.

मग वीसेक मिनिटं बोलला. २०१२ ला ओबामांना दिलं, कारण 'कारखाना चालू राहिला'. २०१६ ला ट्रम्पना, कारण 'बाकी कोणी नाफ्ताचं नावही घेत नव्हतं' (नाफ्ता म्हणजे मेक्सिको-कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापाराचा करार). २०२० चं सांगितलं नाही. निघताना त्याने मला एकच प्रश्न विचारला: "तू परत कधी येणार? म्हणजे, ही निवडणूक झाल्यावर?" मी म्हटलं, येईन. आणि पुढच्या दाराकडे गेलो.

तर प्रश्न असा: अशा माणसाला खरोखर वळवता येतं का? आणि येत असेल तर कशाने?

तिरकस तात्या
शुक्र, १२/०९/२०२५ - २२:०२

पंगतीतून उठून चपला शोधणारा मतदार आवडला. आमच्याकडे त्याला आग्रह करकरून परत बसवतात, वर दक्षिणाही देतात. तुमच्याकडे नुसतंच पत्रक.

बाकी गंमत बघा. २००८ ला ओबामा म्हणाले की छोट्या गावातले लोक कडवट होऊन बंदुकीला नि धर्माला चिकटून बसतात. कुठे म्हणाले? सॅन फ्रान्सिस्कोत, देणगीदारांसमोर. २०१२ ला रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी म्हणाले, ४७ टक्के लोक सरकारवर विसंबून आहेत. फ्लोरिडात, देणगीदारांसमोर. २०१६ ला हिलरीबाईंनी ट्रम्पच्या अर्ध्या समर्थकांना 'निंद्य लोकांच्या टोपली'त भरलं. न्यूयॉर्कात, पुन्हा देणगीदारांसमोर. ताट जितकं महाग तितकी जीभ सैल.

रेवतीन्यूजर्सी
शनि, १३/०९/२०२५ - ०६:४८

तात्या, टाळी!

आठमैल, मला वाटतं निदान एका पक्षाने तुमच्या बिलला हिशेबातूनच काढलं होतं. जुलै २०१६ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर शूमर यांनी जाहीर बोलून दाखवलं होतं की पश्चिम पेनसिल्वेनियात एक कामगार डेमोक्रॅट गेला तर फिलाडेल्फियाच्या उपनगरांत दोन मवाळ रिपब्लिकन मिळतील, आणि हेच ओहायो, इलिनॉय, विस्कॉन्सिनमध्येही करता येईल. आम्ही तेव्हा न्यूजर्सीत बसून मान डोलावली होती, खोटं कशाला बोलू. ती 'दोन मवाळ' म्हणजे आम्हीच, चांगली शाळा बघून घर घेतलेले. हिलरी उमेदवारी मिळाल्यानंतर विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत आणि ते राज्य २३ हजारांहून कमी मतांनी हरल्या. देशभरात २८ लाखांवर मतं जास्त मिळवून अध्यक्षपद गेलं, कारण इथे निकाल राज्यवार ठरतो आणि ती मतं चुकीच्या राज्यांत होती.

गिरणगावकर
शनि, १३/०९/२०२५ - ११:३०

मी अमेरिकेत कधी गेलो नाय, पण आठमैल, तुमचा बिल मी ओळखतो. माझे वडील लोअर परळच्या गिरणीत साचेवाले. ८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, आमच्या घरात तो कधी संपलाच नाय. ८४ ला डॉक्टर सामंतांना मत दिलं, ते खासदार झाले, गिरणी काय सुरू झाली नाय. नंतर वडील मतदानाला जायचे, पण कोणाला दिलं विचारलं की म्हणायचे, "पाय मोकळे करून आलो."

पेनसिल्वेनियात बेथलेहेम म्हणून गाव आहे ना? माझा भाचा तिकडे शिकला. तो सांगत होता, पोलादाची एवढी मोठी भट्टी १९९५ ला थंड झाली आणि त्याच आवारात २००९ ला कॅसिनो आला. आमच्याकडे गिरणीच्या आवारात मॉल. भट्ट्या अजून तशाच उभ्या ठेवल्यात म्हणे, रात्री दिवे सोडतात. आमची चिमणी पण ठेवलीय, फोटोला.

रेवतीन्यूजर्सी
शनि, १३/०९/२०२५ - १७:१५

बेथलेहेम माझ्यापासून दीड तासावर. ती नॉर्थॅम्प्टन काउंटी ओबामा, ओबामा, ट्रम्प, बायडन, ट्रम्प अशी गेली. प्रत्येक वेळी जो जिंकला त्याच्याबरोबर.

प्रतिवाद
शनि, १३/०९/२०२५ - १९:४०

धागा छान चाललाय म्हणून मिठाचा खडा टाकतो.

मॅकोम्बच्या कामगाराबद्दल हळवं होण्याआधी त्याचा इतिहास पूर्ण सांगा. मे १९७२ मध्ये मिशिगनची डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणूक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) कोणी जिंकली? जॉर्ज वॉलेसनी. वंशविभाजनाचे कट्टर समर्थक म्हणून नाव कमावलेले गव्हर्नर. तेव्हा कारखाने जोरात चालू होते, ओव्हरटाइम नको म्हणायची पाळी होती. मुद्दा होता शाळेच्या बसचा: डेट्रॉईटची काळी मुलं आणि उपनगरातली गोरी मुलं एकत्र शिकतील का. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने ते मिश्रण शहराच्या हद्दीशी, म्हणजे तुमच्या त्या आठ मैल रस्त्याशी अडवलं. १९८५ मध्ये स्टॅन ग्रीनबर्ग या जनमत चाचण्या घेणाऱ्याने मॅकोम्बमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष सोडून गेलेल्या मतदारांच्या बैठकी घेतल्या. आयुष्यात जे जे बिघडलं त्याचं खापर लोक काळ्यांवर फोडत होते, हे त्याने स्पष्ट नोंदवलं.

त्यामुळे 'नाफ्ता, नाफ्ता' ऐकलं की मी जरा थांबतो. माणूस दाराशी आलेल्या तपकिरी अनोळखी माणसाला ओव्हरटाइमचं सांगेल. बाकीचं बारमध्ये सांगेल.

आठमैल
शनि, १३/०९/२०२५ - २२:२०

प्रतिवाद, खडा बरोबर ठिकाणी पडलाय. काही दारांवर मला जे ऐकवलं गेलं ते इथे लिहीत नाही. घंटेच्या कॅमेऱ्यातूनच "निघ" म्हणणारेही होते, आणि ते थंडीमुळे नव्हतं.

पण दोन गोष्टी. एक, १९७२ चं मॅकोम्ब आता राहिलेलं नाही. स्टर्लिंग हाइट्समध्ये इराकमधून आलेले खाल्डियन ख्रिश्चन आहेत, वॉरनमध्ये बांगलादेशी आहेत, आठ मैल ओलांडून आलेली काळी कुटुंबं आहेत. माझ्या ३ च्या यादीत हे सगळे होते. दोन, ज्याने ओबामांना दोनदा मत दिलं आणि मग ट्रम्पना दिलं, त्याचा उलगडा नुसत्या वर्णद्वेषाने होत नाही. पूर्वग्रह त्याच्यात २००८ लाही असेलच. तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला, कारण पारड्यात दुसरं काहीतरी जड होतं. ते जड काय होतं, मला त्यात रस आहे.

२०१२ बघा. रॉम्नींचा जन्म डेट्रॉईटचा, वडील आधी गाड्यांच्या कंपनीचे प्रमुख आणि मग मिशिगनचे गव्हर्नर. यापेक्षा घरचा उमेदवार कोणता? पण नोव्हेंबर २००८ मध्ये, गाड्यांच्या बुडत्या कंपन्यांना सरकारी पैसा देण्याविरुद्ध, त्यांचा एक लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आला, 'डेट्रॉईटला दिवाळखोर होऊ द्या' अशा मथळ्याचा. मथळा त्यांनी दिला नव्हता, पेपरवाल्यांनी दिला. लेखातलं म्हणणं बरंच गुंतागुंतीचं होतं, लेख कोणी वाचला नाही. चार वर्षांनी शॉप फ्लोअरवर तो मथळा लोकांना तोंडपाठ होता. ते मिशिगन जवळजवळ साडेनऊ टक्क्यांनी हरले. बायडन तेव्हा सभांतून सांगायचे: बिन लादेन मेला आणि जनरल मोटर्स जिवंत आहे. सात-आठ शब्द. त्यात आकडेवारी नाही, योजना नाही. ज्याचा कारखाना चालू होता त्याला पुरावा रोज सकाळी गेटवर दिसत होता.

आकडेमोड
रवि, १४/०९/२०२५ - ०९:०५

आठमैल, तुमचा मूळ प्रश्न: वळवता येतं का? यावर चांगलं काम झालंय. उत्तर मात्र तुम्हाला आवडणार नाही.

कल्ला आणि ब्रूकमन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मैदानात केलेले ४९ प्रयोग एकत्र करून २०१८ साली पेपर छापला. सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराच्या संपर्काचा, म्हणजे दारावर जाणं, फोन, पत्रकं यांचा, मत बदलण्यावर सरासरी परिणाम किती? शून्य. निवडणुकीच्या बऱ्याच आधी गेलात तर थोडा परिणाम दिसतो, पण तो मतदानापर्यंत विरून जातो.

मतदानाला बाहेर काढणं ही वेगळी गोष्ट. गर्बर आणि ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवनमध्ये प्रयोग केला: ज्यांच्याशी दारात समोरासमोर बोलणं झालं त्यांचं मतदान आठ-नऊ टक्के बिंदूंनी वाढलं. फोनने काही झालं नाही. आणखी एक तर तुमच्याच राज्यातला. ऑगस्ट २००६ च्या प्राथमिक निवडणुकीआधी काही घरांना पत्र गेलं: तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही ते छापलेलं, आणि निवडणुकीनंतर नवीन तक्ता पाठवू असा इशारा. मतदान सुमारे ३० टक्क्यांवरून ३८ टक्क्यांच्या आसपास गेलं. नुसत्या एका पत्राने!

म्हणजे तुमची चपला शोधणाऱ्याची उपमा विदेशी, सॉरी, विदाशी (डेटाशी) जुळते. ३ चा १ करता येत नाही. घरी बसणाऱ्या २ ला केंद्रावर नेता येतं.

तिरकस तात्या
रवि, १४/०९/२०२५ - ०९:३१

शेजाऱ्यांची यादी पाठवून लाज आणायची! आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लिफ्टपाशी लावतात, तोच प्रयोग. फक्त आमच्या सेक्रेटरीला पेपर छापायचं सुचलं नाही.

वाळवंटी
रवि, १४/०९/२०२५ - १३:१२

लास व्हेगासहून. हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला चौदा वर्षं.

तुम्ही सगळे कामगार म्हटलं की गोरा, टोपीवाला, हातात पाना, असं धरून चाललाय. माझ्या आसपासचा कामगार म्हणजे रूम साफ करणारी साल्वादोरची बाई, केळ्यांचे खोके उचलणारा फिलिपिनो, टेबल लावणारा मेक्सिकन. इथली कलिनरी युनियन, लोकल २२६, सुमारे ६० हजार सभासद. निवडणूक आली की शेकडो सभासद रजा घेऊन दारोदार जातात. २०२४ ला कमलाबाई हॅरिसना पाठिंबा दिला, घाम गाळला. आणि नेवाडा २००४ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकनकडे गेलं.

जून २०२४ ची गोष्ट. ट्रम्प इथे उन्हात सभा घेऊन म्हणाले, टिपांवर कर नाही. बस्स, एवढंच. अर्थतज्ज्ञ ओरडले की बऱ्याच टिपवाल्यांचं उत्पन्न इतकं कमी आहे की ते आयकरच भरत नाहीत. खरंय ते. पण आमच्या ब्रेकरूममध्ये दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण बोटांवर हिशेब करत होता. ऑगस्टमध्ये कमलाबाईंनीही इथेच येऊन तेच वचन दिलं. तोवर ते 'त्यांचं' झालं होतं. उशिरा आलेल्या पाहुण्याने तोच आहेर आणला तर यजमान काय म्हणणार? जुलै २०२५ मध्ये कायदा झाला, आणि त्यात पूर्ण करमाफी नाहीच: २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपांवर वजावट, तीही २०२८ पर्यंतच. या तपशिलाने कोणी नाराज झालेलं मला दिसलं नाही.

आणि भाव. जून २०२२ ला महागाई ९.१ टक्क्यांवर होती. नंतर उतरली, म्हणजे भाव वाढायचा वेग उतरला. भाव तिथेच राहिले. टीव्हीवरचे हुशार लोक 'महागाई कमी झाली' म्हणायचे तेव्हा माझी सहकारी अंड्यांचं बिल दाखवायची.

टेक्सासच्या सीमेवर स्टार काउंटी आहे. जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक. २०१६ ला हिलरींना तिथे ७९ टक्के होते. २०२४ ला तिथे ट्रम्प जिंकले. त्याआधी तिथे रिपब्लिकन उमेदवार कधी जिंकला होता? १८९२ साली.

प्रतिवाद
रवि, १४/०९/२०२५ - १४:५०

वाळवंटी, स्टार काउंटीमुळे माझ्या मांडणीला भोक पडतं हे मान्य. पूर्ण नाही, पण पडतं.

रेवतीन्यूजर्सी
रवि, १४/०९/२०२५ - १६:०५

नोंद घ्या मंडळी, मराठी संस्थळावर कोणीतरी 'मान्य' म्हणालंय.

मुद्द्यावर येते. भारतात मतदानाला पगारी सुट्टी द्यावी लागते, लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं कलमच आहे. इथे अजून १८४५ चा नियम: नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. शेतकऱ्याला रविवारी चर्च, मग घोडागाडीने प्रवास, म्हणून मंगळवार! दोन नोकऱ्या करणाऱ्या बाईने मंगळवारी रांगेत कधी उभं राहायचं? घरी बसतो म्हणजे मन नाही, असं धरू नका.

आठमैल
रवि, १४/०९/२०२५ - १८:३३

रेवतीताई, इथे एक मजेशीर फाट आहे. गाड्यांच्या तीन मोठ्या कंपन्यांत युनियनच्या करारानुसार निवडणुकीच्या दिवशी पगारी सुट्टी असते, १९९९ च्या करारापासून. पण त्याच गाडीचं दार किंवा सीट बनवणाऱ्या सप्लायरच्या कामगाराला ती सहसा नसते. एकाच गल्लीतले दोघे. आता मिशिगनमध्ये नऊ दिवस आधीपासून मतदान करता येतं, टपालानेही येतं, त्यामुळे वेळेची सबब थोडी पातळ झालीय. उबग पातळ झालेला नाही.

युनियनचं आणखी एक. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या साधारण दर तीन कामगारांमागे एक युनियनमध्ये होता. आता दहामागे जेमतेम एक. आकडा सगळे सांगतात. त्यामागची गोष्ट मला वॉरनच्या म्हाताऱ्यांनी सांगितली: युनियनच्या हॉलमध्ये शुक्रवारी मासे तळायचे, बोलिंगची लीग असायची, कोणाच्या मुलीचं लग्न असायचं. राजकारण तिथे जेवणाच्या चटणीसारखं कडेला असायचं. कोणाला मत द्यायचं हे पत्रकाने सांगितलं नाही, शेजारच्या मशीनवरच्याने सांगितलं. हॉल गेला तसा तो शेजारचाही गेला.

आकडेमोड, तुमचं शून्य मला पटतं. पण ते शून्य अनोळखी माणसाने तीन मिनिटांत काय साधलं त्याचं आहे. १९४० साली लाझार्सफेल्ड यांनी ओहायोच्या एरी काउंटीत महिनोन्‌महिने त्याच लोकांना परत परत भेटून पाहणी केली (ओहायोची एरी, पेनसिल्वेनियाची नव्हे, माझाही घोळ झाला होता). त्यांना हेच दिसलं की रेडिओ नि वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसाचं बोलणं जास्त चालतं. आणि ज्याला घरचे एकीकडे नि कामावरचे दुसरीकडे ओढतात तो निर्णय लांबवतो. बिलची बायको एका बाजूची, मुलगा दुसऱ्या. मी तिसरा, फुटपाथवरचा.

आकडेमोड
रवि, १४/०९/२०२५ - १९:२७

तसं म्हणाल तर मग पाठिंब्याची पत्रकंही शून्यच. सप्टेंबर २०२४ मध्ये टीमस्टर्स या ट्रकचालक वगैरेंच्या युनियनने १९९६ नंतर पहिल्यांदा कोणालाच पाठिंबा दिला नाही. आधी सभासदांचा कौल घेतला: ट्रम्प जवळजवळ ६० टक्के, हॅरिस ३४. नेते विचारायला गेले आणि उत्तर ऐकून गप्प बसले. उलट गाडीकामगारांच्या युनियनने हॅरिसना पाठिंबा दिला, मिशिगन ट्रम्पनी सुमारे ८० हजारांनी घेतलं.

त्याआधी सप्टेंबर २०२३ चा गाडीकामगारांचा संप आठवा. २६ तारखेला बायडन मिशिगनमध्ये संपकऱ्यांच्या रांगेत भोंगा घेऊन उभे राहिले. पदावरच्या अध्यक्षाने असं करण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी ट्रम्प मॅकोम्बमध्ये, युनियन नसलेल्या कारखान्यात. सांगितलं काय, तर इलेक्ट्रिक गाड्या तुमच्या नोकऱ्या खातील. भोंगा विसरला गेला, भीती राहिली.

आठमैल
रवि, १४/०९/२०२५ - २०:४१

कारण भीती खरी होती. मी डाय बनवतो, मला विचारा. इलेक्ट्रिक गाडीत गिअरबॉक्सच्या कामाचं काय उरतं? बरेचसे भागच नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टेलँटिस या गाड्यांच्या कंपनीने वॉरनच्या ट्रक कारखान्यात २,४५० पर्यंत लोक कमी करण्याचं जाहीर केलं. ते एक जुनं पेट्रोलचं मॉडेल बंद होत होतं म्हणून, पण गल्लीत चर्चा बॅटरीचीच. दारावर बोलायच्या आमच्या संहितेत त्यावर वाक्य होतं: 'भविष्यातल्या स्वच्छ नोकऱ्या'. पन्नाशीच्या माणसाच्या दारात उभं राहून 'भविष्यातल्या' हा शब्द एकदा म्हणून बघा.

याच निवडणुकीत सिनेटसाठी एलिसा स्लॉटकिन उभ्या होत्या. हॅरिस ज्या पक्षाच्या त्याच पक्षाच्या. त्या म्हणत होत्या की कोणती गाडी घ्यायची ते सरकारने सांगू नये, पण नव्या गाड्या बनणारच असतील तर त्या चीनऐवजी मिशिगनमध्ये बनाव्यात. हॅरिस हरल्या त्याच मतपत्रिकेवर त्या सुमारे १९ हजारांनी जिंकल्या. निसटतंच. पण निसटतंच तर सगळं आहे इथे.

गिरणगावकर
रवि, १४/०९/२०२५ - २३:१०

आमचे ते बेळगावचे ठाणेदार तुमच्याच डेट्रॉईटचे ना? ते कसे जिंकले?

आठमैल
सोम, १५/०९/२०२५ - ०७:०२

श्री ठाणेदार, हो. २०१८ ला गव्हर्नरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉईट शहरात पहिले. बहुसंख्य काळ्या वस्तीच्या शहरात, मराठी उच्चाराचं इंग्रजी बोलणारा माणूस! स्वतःचा प्रचंड पैसा ओतला, टीव्ही लावला की तेच. टीकाकार 'पैसा' म्हणून विषय संपवतात. मला तो पुरता संपलेला वाटत नाही. पैसा तर इतरांनीही ओतलेला पाहिलाय. गरिबीतून आल्याची स्वतःची गोष्ट ते न लाजता, न सजवता सांगत राहिले, हेही त्यात आहे. २०२२ ला ते अमेरिकेच्या काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून गेले. तरी स्वस्तुती वाटू नये म्हणून हा मुद्दा इथेच थांबवतो.

संपादक
सोम, १५/०९/२०२५ - ०८:१५

टिपांवरील कराबाबतचे दोन अवांतर प्रतिसाद आणि त्यांतली वैयक्तिक शेरेबाजी उडवली आहे. धागा चांगला चाललाय, तो तसाच चालू द्या.

तिरकस तात्या
सोम, १५/०९/२०२५ - १०:२२

मी नव्हतो हो. या वेळी खरंच नव्हतो.

आठमैल, फोनवाल्यांना काय सांगणार मग? जाणार का?

रेवतीन्यूजर्सी
सोम, १५/०९/२०२५ - १२:४०

आणि बिलचं काय झालं? दिलं का त्याने मत?

आठमैल
सोम, १५/०९/२०२५ - २१:५५

तात्या, फोनवाल्यांना अजून काही कळवलेलं नाही. एक अट घालायचा विचार आहे: नऊ शनिवार-रविवारांत पाचशे दारं देऊ नका. तीस द्या, एकाच गल्लीतली, आणि आत्तापासून द्या. बर्फ काढायच्या दिवसांत जातो, शाळेच्या बोर्डाच्या सभेला जातो, मासे तळतात त्या चर्चला जातो. पाठ केलेली वाक्यं नकोत. मुद्द्यांच्या यादीत एक रिकामी ओळ हवी, माणूस जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला. ते ऐकतील असं वाटत नाही, कारण वरच्यांना रोज संध्याकाळी 'किती दारं ठोठावली' तो आकडा हवा असतो. मागच्या वेळी माझा आकडा चांगला होता, म्हणून तर फोन आला.

रेवतीताई, कोणाला दिलं हे कळत नाही. दिलं की नाही हे यादीत कळतं. वसंतात नवी यादी आली तेव्हा मी बघितलं. बघायला नको होतं.

२०१२, दिलं. २०१६, दिलं. २०२०, दिलं. २०२४ ची जागा कोरी.

त्या दिवशी त्याच्या दारातून निघताना, वीस मिनिटं बोलला म्हणून खूश होऊन, मी त्याच्या नावापुढे २ टाकला होता. ३ टाकला असता तर यादीने मला परत त्याच्याकडे पाठवलं असतं.